चार इंची पुठ्ठ्यावरची माणसं: अमेरिकेतलं कार्ड-फोटोंचं वेड

हॅरिएट टबमन हे नाव वीस डॉलरच्या नोटेच्या निमित्ताने अधूनमधून बातम्यांत येतं. गुलामगिरीतून स्वतः निसटलेल्या आणि मग पुन्हा पुन्हा त्याच मुलखात शिरून इतरांना सोडवून आणणाऱ्या या बाईंचं चित्र नोटेवर आणायची घोषणा २०१६ मध्ये झाली, आणि तो विषय अजून अधूनमधून निघतो. त्यांचे आपण पाहिलेले फोटो बहुतेक उतारवयातले. खांद्यावर शाल, सुरकुतलेला चेहरा, थकलेले डोळे.

२०१७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका लिलावात एक जुना अल्बम आला. आत ४९ फोटो, आणि त्यांतला एक टबमन यांचा, साधारण १८६८-६९ सालचा, पंचेचाळिशीच्या आसपासचा. खुर्चीत किंचित वळून बसल्या आहेत. एक हात खुर्चीच्या पाठीवर टेकलेला, चौकड्यांचा घेरदार झगा जमिनीपर्यंत पसरलेला, मधोमध भांग, आणि नजर ताठ. कुणाकडून काही मागणाऱ्या बाईची ही नजर नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि स्मिथसोनियनचं आफ्रिकन अमेरिकन इतिहासाचं संग्रहालय, या दोघांनी मिळून तो अल्बम दीड लाख डॉलरहून जास्त किमतीला घेतला.

अल्बम होता एमिली हॉवलंड नावाच्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका शिक्षिकेचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात त्या व्हर्जिनियातल्या एका छावणीत गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांना शिकवत होत्या. १ जानेवारी १८६४ रोजी एका मैत्रिणीने त्यांना हा अल्बम नव्या वर्षाची भेट म्हणून दिला. आत त्यांचे सहकारी आहेत, ओळखीपाळखीचे लोक आहेत, सिनेटर चार्ल्स समनर आहेत, लेखिका लिडिया मारिया चाइल्ड आहेत, आणि इंग्लंडचे चार्ल्स डिकन्ससुद्धा आहेत.

एका शाळामास्तरणीकडे ही सगळी मंडळी कुठून आली? डिकन्स काही त्यांच्या घरी चहाला येत नव्हते. हे समजून घ्यायचं तर त्या काळच्या एका छोट्या पुठ्ठ्याची गोष्ट मुळापासून सांगायला हवी.

एका काचेवर आठ फोटो

आपण स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढायला जातो तेव्हा काय होतं? एका कागदावर आठ फोटो छापून येतात, दुकानदार कटरने ते कापतो आणि पाकिटात घालून देतो. एकेक फोटो वेगळा छापला असता तर कितीतरी महाग पडला असता.

पॅरिसचा फोटोग्राफर आंद्रे दिस्देरी याने नेमकी हीच युक्ती केली आणि नोव्हेंबर १८५४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. अनेक भिंगांचा कॅमेरा आणि सरकणारी काच वापरून त्याने एकाच काचेवर आठ फोटो घेतले. काचेवरून कागदावर छाप घ्यायची, आठ तुकडे कापायचे, आणि प्रत्येक तुकडा साधारण अडीच इंच बाय चार इंचाच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचा. पाहुणे भेटीला जाताना जे नावाचं कार्ड देत त्याच आकाराचा हा पुठ्ठा, म्हणून फ्रेंचांनी त्याला ‘कार्त-द-व्हिझित’ म्हटलं. आपण इथे त्याला सरळ कार्ड-फोटो म्हणू.

त्याआधी फोटो नव्हते का? होते. पण १८३९ पासून चालत आलेला डॅगरोटाइप हा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचा फोटो होता. एक पत्रा, एक फोटो, बस. त्याची प्रत हवी असेल तर त्या पत्र्याचाच पुन्हा फोटो काढायचा. मखमली डबीत ठेवलेला तो फोटो दागिन्यासारखा जपला जाई. कार्ड-फोटोला मात्र काचेची निगेटिव्ह होती, आणि निगेटिव्ह असली की हव्या तेवढ्या प्रती. स्टुडिओवाले कार्डाच्या मागे आपलं नाव-पत्ता छापत, आणि निगेटिव्ह जपून ठेवल्या आहेत, प्रती केव्हाही मिळतील, असंही पुष्कळदा छापत.

अंडी, चांदी आणि ऊन

काम मात्र नाजूक होतं. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, आणि ओली असेपर्यंतच फोटो घेऊन धुवायचीसुद्धा. हाताशी दहा-एक मिनिटं. काच वाळली की संपलं.

छापायचा कागदही निराळाच. अंड्यातला पांढरा भाग मीठ घालून फेसायचा, निवळू द्यायचा, त्यावर कागद तरंगवून वाळवायचा. मग चांदीचा क्षार लावून काचेखाली दाबून उन्हात ठेवायचा. उन्हानेच चित्र उमटतं. शेवटी सोन्याच्या क्षारात बुडवून रंग पक्का करायचा. त्या फोटोंना जी तपकिरी-जांभळी झाक दिसते ती यातूनच येते, आणि वर्षं गेली की अंड्याचा थर पिवळा पडतो. हा कागद इतका पातळ की सुकला की गुंडाळी होते, म्हणून पुठ्ठा लागायचाच. या कागदाला मागणी किती असावी? जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या एका कारखान्याने १८८८ या एकाच वर्षात साठ लाखांहून जास्त अंडी त्यासाठी फोडली.

लढाई सुरू झाली आणि वेड पसरलं

अमेरिकेत हे कार्ड १८५९ च्या सुमारास पोचलं. दोन वर्षांत उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांमध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटलं, आणि कार्ड घराघरात गेलं.

कारण अगदी साधं आहे. लाखो तरुण मुलं घर सोडून निघाली होती. परत येतील की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. गणवेश मिळाला की पोरगा आधी फोटोवाल्याकडे जाई, डझनभर कार्डं काढून घेई, आई, बहीण, वाग्दत्त वधू, गावातले मित्र अशी ती वाटून टाकी आणि त्यांची कार्डं स्वतःच्या पिशवीत ठेवी. काचेचा किंवा डबीतला फोटो पोस्टाने पाठवणं जिकिरीचं. हा पुठ्ठा साध्या लिफाफ्यात बसे, तीन सेंटच्या तिकिटावर जाई, आणि फुटण्याची भीती नाही.

किंमतही आवाक्यातली. प्रसिद्ध माणसाचं तयार कार्ड साधारण २५ सेंटला मिळे. उत्तरेच्या साध्या शिपायाचा पगार तेव्हा महिन्याला १३ डॉलर, म्हणजे एक कार्ड अर्ध्या दिवसाच्या मजुरीहून थोडं जास्त. रोज घेण्याजोगी वस्तू नाही, पण मनात आलं तर घेता येण्यासारखी नक्कीच.

कार्डं साठली की ती ठेवायला काहीतरी हवं. १८६१ पासून खास अल्बम निघाले. चामड्याची नक्षीदार बांधणी, पितळेची कडी, आणि जाड पानांत कापलेल्या खिडक्या. खालच्या फटीतून कार्ड आत सरकवायचं. आपल्याकडच्या काळ्या पानांच्या, मधे फडफडणारा बटर पेपर असलेल्या जुन्या लग्नाच्या अल्बमचं हे थोरलं भावंडच. दिवाणखान्यातल्या टेबलावर बायबलशेजारी तो ठेवलेला असे आणि पाहुणा आला की त्याच्या हातात दिला जाई.

बॉस्टनचे डॉक्टर-लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी जुलै १८६३ मध्ये लिहिलं की ही कार्डं म्हणजे समाजात फिरणारं चलन झाली आहेत, भावनांचे ‘ग्रीनबॅक’. युद्धखर्चासाठी सरकारने वर्षभरापूर्वी काढलेल्या हिरव्या पाठीच्या नोटांना लोक ग्रीनबॅक म्हणत. ही उपमा मला फार नेमकी वाटते. नोट जशी या हातातून त्या हातात जाते, तशी माणसांची तोंडं जाऊ लागली होती.

पण अनोळखी माणसांचे फोटो कशाला विकत घ्यायचे?

घरच्यांचे ठेवले तर समजू शकतो, पण सेनापती, नट, सिनेटर यांचे कशाला, असं आज वाटतं. लहानपणी बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची कार्डं ज्यांनी जमवली आहेत त्यांना निम्मं उत्तर ठाऊकच आहे. पण उरलेलं निम्मं जास्त महत्त्वाचं. त्या काळच्या छापखान्याला फोटो छापता येत नव्हता. वर्तमानपत्रात जे चित्र दिसे ते फोटो समोर ठेवून लाकडात कोरलेलं असे, आणि कोरणाऱ्याच्या हाताप्रमाणे चेहरा बदले. राष्ट्राध्यक्ष खरोखर कसा दिसतो हे बघायचं तर हे कार्ड सोडून सहज मिळणारा मार्गच नव्हता.

२७ फेब्रुवारी १८६० रोजी लिंकन न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये भाषणाला आले आणि त्याच दिवशी मॅथ्यू ब्रेडी यांच्या स्टुडिओत त्यांनी फोटो काढून घेतला. इलिनॉयच्या त्या उंच वकिलाबद्दल पूर्वेकडच्या लोकांनी फक्त ऐकलं होतं. निवडणुकीच्या वर्षात तो चेहरा कार्डांवरून आणि त्यावरून कोरलेल्या चित्रांतून गावोगाव गेला. पुढच्या वर्षी, ज्या किल्ल्यावर युद्धाची पहिली तोफ डागली गेली त्या फोर्ट समटरचे मेजर अँडरसन लोकांचे नायक झाले, तेव्हा न्यूयॉर्कच्या ई. अँड एच. टी. अँथनी कंपनीतून त्यांची रोज हजारेक कार्डं बाहेर पडत असल्याचं सांगितलं जाई.

ब्रेडींचे फोटो अँथनी कंपनीच छापून विकत असे, आणि या जोडीचा माल काही फक्त सेनापतींचा नव्हता. खेळ-तमाशे भरवणाऱ्या पी. टी. बार्नमकडे काम करणारे ठेंगू कलावंत चार्ल्स स्ट्रॅटन, म्हणजेच ‘टॉम थम’, यांचं लव्हिनिया वॉरन यांच्याशी १० फेब्रुवारी १८६३ रोजी लग्न झालं, आणि त्या नवरा-नवरीचं कार्ड कितीतरी अल्बमांत जाऊन बसलं.

लिंकनच्या खुन्याचं, जॉन विल्क्स बूथचं, कार्डही लोकांनी घेतलं. तो प्रसिद्ध नट असल्यामुळे त्याची कार्डं बाजारात आधीपासूनच होती. २० एप्रिल १८६५ ला युद्धखात्याने एक लाख डॉलरच्या इनामाची जाहिरात काढली, तिच्या काही प्रतींवर बूथचं आणि त्याच्या दोन साथीदारांचं कार्ड चक्क खळीने चिकटवलेलं आहे. छापता येत नाही ना, मग चिकटवा!

तीन मुलं आणि एक ओळख न पटलेला शिपाई

हा पुठ्ठा काय करू शकत होता, हे सगळ्यात चांगलं कळतं ते गेटिसबर्गच्या एका घटनेवरून.

जुलै १८६३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या या गावी यादवी युद्धातली मोठी लढाई झाली. तिच्यानंतर एका शिपायाचं प्रेत सापडलं. नाव नाही, पलटणीची खूण नाही. हातात फक्त काचेवरचा एक फोटो, तीन मुलांचा. ही निगेटिव्ह नव्हे, डॅगरोटाइपसारखा एकुलता एक फोटो, फक्त काचेवरचा. तो फोटो फिलाडेल्फियाचे डॉक्टर जॉन बर्न्स यांच्याकडे आला. १९ ऑक्टोबरला ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ने बातमी दिली: ‘हा कुणाचा बाप होता?’ फोटो छापता येत नव्हता, म्हणून तो शब्दांत लिहिला. सगळ्यात धाकटा मुलगा उंच खुर्चीत मधे, दोन बाजूंना भाऊ आणि बहीण, आणि थोरल्याचा शर्ट बहिणीच्या झग्याच्याच कापडाचा.

हा शेवटचा तपशील वाचून मी नेहमी थांबतो. एकाच ताग्यातून दोन मुलांचे कपडे शिवणं ही काटकसर आपल्या घरांनाही माहीत आहे. दिवाळीच्या फोटोत आपण भावंडं एकाच छापाच्या कापडात उभी असायचो.

बातमी इतर पत्रांनी उचलली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावात फिलिंडा ह्युमिस्टन यांच्यापर्यंत ते वर्णन पोचलं. आपल्या नवऱ्याला त्यांनी असाच फोटो पाठवला होता आणि लढाईनंतर त्याचं पत्र आलं नव्हतं. डॉक्टरांनी काचेवरच्या फोटोच्या कार्ड-प्रती करून घेतल्या होत्या. त्यातली एक पोर्टव्हिलला गेली. मुलं त्यांचीच होती. मृत शिपाई म्हणजे एमॉस ह्युमिस्टन. काचेचा फोटो जगात एकच होता, त्याचं कार्ड झालं म्हणून तो पोस्टाने जाऊ शकला. पुढे त्या तीन मुलांची कार्डं विकून शिपायांच्या अनाथ मुलांसाठी पैसे उभे केले गेले, आणि १८६६ मध्ये गेटिसबर्गमध्येच तसं अनाथगृह उघडलं.

सावली विकणारी बाई

सोजर्नर ट्रूथ न्यूयॉर्क राज्यात गुलाम म्हणून जन्मल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. गुलामगिरीविरुद्ध गावोगाव भाषणं करत. १८६४ मध्ये त्यांनी आपली कार्डं काढून घेतली, त्यांचे हक्क स्वतःच्या नावावर नोंदवले आणि सभांमधून ती विकायला लागल्या. कार्डावर त्या चष्मा लावून, पांढरी टोपी आणि शाल घालून बसल्या आहेत, हातात विणकाम आहे. खाली छापलंय: ‘मी सावली विकते, देहाच्या आधारासाठी.’

फोटोवाले तेव्हा फोटोला ‘सावली’ म्हणत, आणि माणूस आहे तोवर त्याची सावली धरून ठेवा अशी जाहिरात करत. मराठीत हे समजावून सांगावं लागत नाही, आपण छायाचित्रच म्हणतो. पण या वाक्याचा खरा भार वेगळा आहे. या बाईंचा देह एके काळी दुसऱ्यांनी विकला होता. आता विक्री त्यांच्या मर्जीने होती, आणि तीही फक्त छायेची.

यात शोषण नव्हतं का?

होतं, आणि ते झाकून ही गोष्ट सांगता येत नाही. १८६३ मध्ये लुइझियानातल्या एका मळ्यातून पळून आलेल्या एका गुलाम माणसाची, चाबकाच्या वळांनी भरलेली पाठ दाखवणारं कार्ड उत्तरेत सगळीकडे फिरलं. गुलामगिरी म्हणजे काय ते अनेकांना त्या कार्डाने पहिल्यांदा दाखवलं. पण कार्डावर त्या माणसाची पाठ राहिली. त्याचं नाव कुणी गॉर्डन सांगितलं, कुणी पीटर. न्यू ऑर्लिन्सच्या मुक्त झालेल्या मुलांची कार्डं शाळांच्या निधीसाठी २५ सेंटला विकली, त्यांत गोऱ्या दिसणाऱ्या मुलांना मुद्दाम पुढे बसवलं होतं. गोऱ्या गिऱ्हाइकाला ‘आपल्यासारखं’ मूल दिसलं तरच पाझर फुटेल, असा हिशेब. शाळा उभ्या राहिल्या हे खरं, आणि तो हिशेब बोचतो हेही खरं. म्हणूनच ट्रूथ आणि टबमन यांची कार्डं वेगळी उठून दिसतात. तिथे फोटो कसा हवा हे खुर्चीत बसलेल्या बाईने ठरवलेलं जाणवतं.

‘हे मेलेल्या माणसांचे फोटो आहेत’ हे खरं का?

व्हॉट्सॲपवर फिरणारा हा दावा: जुन्या फोटोंत माणसाच्या मागे लोखंडी स्टँडचे पाय दिसतात, म्हणजे प्रेत उभं करून फोटो काढलाय. नाही. तो स्टँड जिवंत माणसासाठी होता. फोटो घ्यायला काही सेकंद लागत आणि तेवढ्यात मान हलली की चेहरा पुसट होई, म्हणून मागून डोक्याला हलका टेकू देत. मृत शरीराचं वजन तोलायची त्या टेकूची ताकदच नाही. मृतांचे फोटो काढले जात हे खरं, पण बिछान्यावर निजलेले, शवपेटीत, किंवा लहान मूल आईच्या मांडीवर. त्यांत फसवाफसवी नव्हती, दुःख होतं.

कुणी हसत का नाही, याचं एक कारण तेच, काही सेकंद हसू धरून ठेवणं कठीण. दुसरं म्हणजे रंगवलेल्या तसबिरीत जसं गंभीर बसायचं तसंच इथेही बसायचं, ही रीत.

साल कसं ओळखायचं?

तुमच्या परदेशातल्या नातेवाइकांना एखाद्या जुन्या बाजारात असं कार्ड मिळालं तर आधी ते उलटं करा. मागे शासकीय तिकीट असेल तर साल जवळपास सापडलंच. युद्धखर्चासाठी १ सप्टेंबर १८६४ पासून फोटोंवर कर बसला आणि १ ऑगस्ट १८६६ ला उठला. किंमत २५ सेंटपर्यंत असेल तर दोन सेंटचं तिकीट, ५० पर्यंत तीन सेंटचं, डॉलरपर्यंत पाच सेंटचं. फोटोंसाठी वेगळं तिकीट नव्हतंच, म्हणून खेळायच्या पत्त्यांवर लावायचं तिकीटसुद्धा काही कार्डांच्या पाठीवर दिसतं. फोटोवाल्याने तिकिटावर शाईने सही-तारीख टाकून ते बाद करायचं असे. ती तारीख वाचता आली तर दिवससुद्धा कळतो. तिकीट नसेल तर कोपरे पाहा. टोकदार असतील तर बहुधा १८७० च्या आधीचं, गोल असतील तर नंतरचं.

मग हे वेड ओसरलं कसं?

१८६६ नंतर मोठं कॅबिनेट कार्ड आलं, सव्वाचार इंच बाय साडेसहा. न्यूयॉर्कचे नेपोलियन सरोनी नट-नट्यांना पैसे देऊन ते काढत. १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा घराघरात शिरू लागला, आणि मग वर्तमानपत्रं थेट फोटो छापायला लागली. ओळखीचा चेहरा विकत घ्यायची गरज उरली नाही. छंद मात्र संपला नाही, तो सिगारेटच्या पाकिटांतल्या बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांत गेला.

याच काळात आपली एक मुलगी त्या देशात शिकत होती. १० ऑक्टोबर १८८५ ला फिलाडेल्फियात काढलेल्या फोटोत आनंदीबाई जोशी जपान आणि सीरियाच्या मैत्रिणींशेजारी नेसत्या साडीत बसल्या आहेत आणि खाली तिघींची नावं लिहिलेली आहेत. त्यांना आपण आज चेहऱ्याने ओळखतो, त्यात या फोटोचा वाटा मोठा आहे.

अल्बम फोडू नका

जुन्या वस्तूंच्या बाजारात अल्बम आला की पुष्कळदा तो फोडला जातो. नामवंतांची कार्डं वेगळी विकली तर जास्त पैसे येतात, आणि ‘अनोळखी बाई’, ‘अनोळखी मूल’ खोक्यात पडतात. माझा याला ठाम विरोध आहे. एकटं कार्ड सांगतं की अमुक माणूस असा दिसत होता. अल्बम सांगतो की ठेवणाऱ्याने त्याला कुणाशेजारी बसवलं, कुणाला आपलं मानलं. लिंकन पहिल्या पानावर आणि मुलगा दुसऱ्या, असा अल्बम एखाद्या आईने लावला असेल तर ते तिचंच वाक्य आहे.

हॉवलंडबाईंचा अल्बम फुटला नाही. त्यामुळे टबमन यांच्याबरोबर आणखी एक माणूस हाती लागला: जॉन विलिस मेनार्ड. १८६८ मध्ये लुइझियानातून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय. त्यांना जागा मिळू दिली नाही, पण २७ फेब्रुवारी १८६९ रोजी त्यांनी त्याच सभागृहात उभं राहून आपली बाजू मांडली. त्यांचा आज माहीत असलेला एकमेव फोटो या अल्बमात आहे. लिलावाच्या बातम्यांत मथळा टबमन यांचाच होता. मेनार्ड त्याच पुठ्ठ्याच्या खिडक्यांपैकी एकीत, दीडशे वर्षं, शिक्षिका आणि सिनेटर यांच्या सोबतीने बसून होते.